बिनदेजाचं लग्न

मथुरेने गवताची काडी पंचांपुढे ठेवली आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या दाजीने ती दोन बोटांनी उचलून बाजूला सारली.

"काडी मागसून, मथुरे. आधी देज परत कर."

"देज घेतलंयच खंय मी, दाजी?"

"तर मगे काडी कशी मोडूची?"

फणसाखाली जमलेली माणसं हलली, खोकली. मथुरेच्या मागे तिची लेक सुगंधा उभी होती, पदर गळ्यापर्यंत ओढून. त्या पदराखाली कसले वळ आहेत ते वाडीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. समोर तिचा नवरा महादू आणि त्याची आई राधाबाई बसले होते. महादू अगदी निवांत होता. त्याला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहिलं तरी बायको त्याचीच राहणार होती.

ठाकरवाडीत काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, आणि तो सोपा होता. लग्नात नवऱ्याकडून मुलीच्या घरी देज यायचं. थोडं भात, एखादं भांडं, नाहीतर शेळी, ज्याची जशी ऐपत. मुलीचं तिकडे जमलं नाही, तर माहेरच्यांनी देज पंचांसमोर परत करायचं, नवराबायकोने एका काडीची दोन टोकं धरून ती मोडायची, की मुलगी मोकळी. राधाबाई स्वतः पहिल्या घरातून अशीच मोकळी होऊन महादूच्या बापाकडे आली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मग भाई आले. गोवा सुटला त्याच्या आदल्या वर्षी ते तळेऱ्याला एसटीतून उतरले आणि खादीची पिशवी खांद्याला लावून डोंगर चढले. माणूस सोन्यासारखा. तापाने फणफणलेली पोरं पाठुंगळी मारून त्यांनी दवाखान्यात नेली, वाडीबरोबर घाम गाळून विहीर खणली. अशा माणसाला नाही कोण म्हणेल? त्यांनी देजाचं ऐकलं मात्र, त्यांचे डोळे भरून आले. बाई म्हणजे काय जनावर आहे, शेळीच्या बदल्यात द्यायला? ती स्वतंत्र आहे, तिची किंमत होत नाही! वाडीला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं, पण भाईंच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनी पाहिलं. केवळ त्यांच्यासाठी म्हणून वाडीने देवीसमोर शपथ घेतली : देज बंद.

पहिलं बिनदेजाचं लग्न सुगंधाचं. भाई आदल्या दिवसापासून मथुरेच्या पडवीत मुक्कामाला होते. पुढे दोन वर्षं मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकही सभा त्यांनी या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडली नाही. देजाबरोबर मुलीची माघारी यायची वाटही बुजली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मथुरेच्याही नाही, आणि त्यासाठी ती आता स्वतःलाच बोल लावत होती.

"दाजी, तो तिला मारतो," भाई म्हणाले. मथुरेच्या निरोपावरून ते धावत आले होते. "तिला नांदायचं नाही. यापुढे आणखी काय हवं?"

"ता आमका दिसता, भाई. पण देज नाय, तर सोडूचा काय? गाठच गावणा नाय."

"आज देतंय मी," मथुरा घाईने म्हणाली. "काय व्हया ता सांगा."

"घेतलेला परत करतत, मथुरे. आता दिलंस तर तो दंड झालो, देज न्हय."

"मग आपण कोर्टात जाऊ. रत्नागिरीला," भाई म्हणाले.

"किती वर्सा लागतली? आणि तवसर ती खंय रवतली?"

मथुरेने विचारलं. महादू हसला.

"फुकट दिलेलो जिन्नस कोण परत मागता?"

भाईंचा चेहरा उतरला. मथुरेला त्यांचा राग यायला हवा होता; आली ती कीवच.

तेवढ्यात राधाबाई उठून उभी राहिली.

"मी देज दिलंय. लग्नाच्या आदल्या दिवशी. मथुरेन घेतल्यान."

"आये, काय सांगतंस?" महादू ताडकन म्हणाला.

मथुरा आ वासून पाहत राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी राधाबाई मथुरेच्या घराकडे फिरकलीसुद्धा नव्हती. पण तिने मथुरेकडे असं पाहिलं, की मथुरेचं तोंड आपोआप मिटलं. त्या बाईला पोटच्या पोराची लाज वाटत होती.

"काय दिलंस?" दाजीने विचारलं.

राधाबाईने इकडेतिकडे पाहिलं. मथुरेच्या घरामागच्या परड्यात एक तांबडी कोंबडी माती उकरत होती.

"कोंबडी."

"एवढ्याच?"

"शपथ होती सगळ्यांची. शेळी लपता काय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दाजी मथुरेकडे वळला.

"खरा काय गो?"

"खरा," मथुरा म्हणाली. "शपथ मोडलंय मी, दाजी. देवीक नारळ ठेवतलंय."

"भाई, तुमी थंयच होतात. तुमी खोटा बोलाचा नाय. सांगा."

भाई खोटं बोलत नसत, हे खरंच होतं. वाडीने चोरून लाकूड तोडलं तेव्हा जंगलखात्याच्या गार्डालाही त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. आता होय म्हणावं, तर दोन वर्षांच्या सगळ्या सभा खोट्या पडत होत्या. भाईंनी सुगंधाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती; पायाच्या अंगठ्याने माती टोकरत होती.

"होय," भाई म्हणाले. "कोंबडी दिली होती. मी पाहिली." आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी पुढे जोडलं, "पांढरी होती."

 

दाजीने परड्याकडे पाहिलं, मग भाईंकडे, मग पुन्हा परड्याकडे.

"पांढरी न्हय, भाई. तांबडी," तो सावकाश म्हणाला. "दोन वर्सा झाली. माणूस इसारता."

"तांबडीच!" चारसहा जण एकदम म्हणाले. "तीच ती, परड्यातली!"

मग कोंबडी धरायला निम्मी वाडी धावली. ती एकदा भाईंच्या धोतरातूनही निसटली. अखेर राधाबाईनेच ती पकडून काखेत मारली आणि काडी मुलाच्या पुढे धरली.

"धर रे."

"मी मोडूचंय नाय."

"धर म्हणतंय ना!"

महादूने खाली मान घालून एक टोक धरलं, सुगंधाने दुसरं. काडी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. सुगंधा होती तिथेच मटकन खाली बसली आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली. मथुरेचा जीव भांड्यात पडला. भाई मात्र कुणाचा निरोप न घेता डोंगर उतरून गेले.

शिमगा झाल्यावर खालच्या वाडीत सत्यवतीच्या मुलीचं लग्न निघालं. भाई आले. देजाविरुद्ध त्यांनी नेहमीचं भाषण केलं, तितक्याच पोटतिडकीने. मग पाणी प्यायला म्हणून मागीलदारी गेले. मथुरा आणि सत्यवती तिथे पत्रावळी मोजत होत्या. भाईंनी आवाज खाली आणला.

"सत्यवती, काही घेतलं आहे ना?"

"अवो, आत्ताच भाषण केलात ना तुमी?"

"ते केलं. घेतलं ना?"

सत्यवतीने मथुरेकडे पाहिलं. मथुरेने मान हलवली, तेव्हा तिनेही हलवली.

"मग झालं," असं म्हणून भाई पंगतीत जाऊन बसले.