गालिच्यांची मागची बाजू

माणसाचा सगळा इतिहास म्हणजे बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून त्याने केलेली धडपड आहे. गुहा, झोपडी, किल्ला आणि शेवटी आमच्या इमारतीचं तळघर, असा प्रगतीचा आलेख मी गानमंडळाच्या चहापानात उलगडून दाखवत होतो. किल्ल्यापाशी मला ठसका लागला. मग शेजारच्याला लागला. तळघरापर्यंत पोचलो तेव्हा अख्खं मंडळ खोकत होतं. मास्तर पियानोवरून म्हणाले, "चला, आज सगळे एकदम तरी सुरू झाले."

आमचं मंडळ म्हणजे हिवाळ्यात घरच्यांचं डोकं खाऊ नये म्हणून घरच्यांनीच बाहेर काढलेली निवृत्त माणसं. मास्तर वाजवतात, बाकीचे आपापल्या समजुतीप्रमाणे गातात. अपवाद माझ्या थोरल्या बहिणीचा. भाऊजी गेल्यावर ताईने बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. 'हो', 'नको' आणि 'दिवा मालव' एवढ्यावर तिचं वर्ष निघालं. मी तिला ओढत तळघरात आणलं. बरेच दिवस ती नुसती बसून राहिली आणि एकदा आपणहून गायली. मास्तरांची बोटं पियानोवर तशीच राहिली. हिवाळा संपताना आमचा कार्यक्रम असतो, त्यात एक गाणं तिने एकटीने म्हणायचं ठरलं. तेव्हापासून ती भांडी घासताना गुणगुणायला लागली. माझ्याशी भांडायलाही लागली. मला फार बरं वाटलं.

तळघराच्या बरोबर डोक्यावर राहतात वरचे साहेब. निवृत्त अधिकारी, आणि तळघराची किल्ली त्यांच्याच हातात. कुठल्या खात्यातले ते माहीत नाही, पण चेहऱ्यावरून अर्ज नामंजूर करण्याच्या खात्यातले असावेत. त्यांनी अट घातली होती : तळघर वापरा, पण एक सूर बाहेर आला तर कुलूप. आम्ही ती अट मनावर घेतली. दोन्ही खिडक्यांत गाद्या कोंबल्या. घराघरातले जुने गालिचे आणून भिंतींवर ठोकले. दाराखाली चादरीची वळकटी दाबली. थंडी वाजते म्हणून कुणीतरी माळ्यावरचा गॅसचा हीटर आणला. त्याला धुराडं नव्हतं. धूर दिसत नव्हता, मग धुराडं कशाला, असा आमचा हिशेब. ओले कोट खुंटीवर, किटली सदा उकळती. आत आलं की आधी चष्मा पुसायचा, मग कोण कोण आलंय ते बघायचं. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले, तेव्हा त्यांच्यावर आम्ही मागच्या कार्यक्रमाचं पोस्टर लावलं. ठिपके पोस्टरच्या बाहेर आले, तेव्हा मोठं पोस्टर छापून घेतलं.

ताईचा खोकला मात्र पोस्टरखाली झाकेना. वरच्या सुराला गेली की छातीत शिट्टी वाजे. डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला नेलं.

"गाता कुठे?" बाईंनी विचारलं.

मी आमच्या बंदोबस्ताचं साग्रसंगीत वर्णन केलं. गाद्यांपर्यंत बाई लिहून घेत होत्या. हीटरपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डोकं दुखतं का तिथे?"

"सगळ्यांचंच दुखतं. आम्हाला वाटलं, मास्तरांच्या नवीन चालीमुळे."

"तो हीटर आजपासून बंद. बंद खोलीत त्याचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग ना वास, माणूस झोपतो तो उठत नाही. आणि ती भिंतीवरची बुरशी तुमच्या बहिणीच्या छातीत जातेय." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "हवा बदलत नाही तोवर गाणं बंद."

ताई काही बोलली नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही. जेवायला वाढतानाही नाही. मला ते जुनं वर्ष आठवलं आणि मी ताट बाजूला सारलं.

"नको जायला मग," मी म्हणालो.

"अरे, ताट उचल आणि हातोडी शोध," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नाकाला फडकं बांधून पहिला गालिचा ओढला. मागची भिंत अशी काळी होती की मास्तरांनी टोपी काढली. "ही एवढी ओल आली कुठून? छत तर गळत नाही," ते म्हणाले.

"तुमच्या तोंडातून आली," ताई म्हणाली. "इतकी माणसं तास न् तास तोंड उघडून बसतात, वर ती किटली. वाफ जाणार कुठे? गार भिंतीला जाऊन बसते."

गाद्या निघाल्या. भिंती साबणाच्या पाण्याने घासून कोरड्या केल्या. विजेचा हीटर आला, कोट जिन्यात गेले, किटलीला बाहेरचा रस्ता दाखवला. वाया गेलेले गालिचे अंगणात उलटे टाकले, ते साऱ्या इमारतीने पाहिले. राहता राहिला प्रश्न खिडक्यांचा. त्या उघडल्या तर सूर बाहेर, सूर बाहेर तर कुलूप.

मग आम्ही कुजबुजत गायला लागलो. खिडक्या उघड्या, तोंडं मिटलेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आत कट शिजतोय. पण खोली कोरडी पडली, डोकेदुखी गेली. महिन्याने डॉक्टरीणबाईंनी ताईची छाती तपासली आणि म्हणाल्या, "गा."

त्या संध्याकाळी ताईची पाळी आली. मास्तर ओठावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, जरा हळू."

"मास्तर, कुजबुजण्यात माझं एक वर्ष गेलंय. तुम्ही वाजवा."

"आणि साहेबांनी कुलूप लावलं तर?"

"लावू देत. मी अंगणात गाईन."

ती गायली. वरच्या सुराला गेली आणि शिट्टी न वाजता तिथे उभी राहिली. गाणं खिडकीतून सरळ बाहेर गेलं. शेवटच्या कडव्याला जिन्यात पावलं वाजली. आमच्यातल्या दोघांनी सवयीने गादी शोधली.

साहेब दारात उभे राहिले. नाक लाल, हातात रुमाल. गाणं संपेपर्यंत थांबले, मग ताईसमोर आले. मी घसा साफ करून आमची बाजू मांडणार होतो, ताईने मला हातानेच मागे सारलं.

"साहेब, खिडकी उघडी राहणार," ती म्हणाली.

"राहू द्या. गाणंही राहू द्या, बाई," साहेब म्हणाले आणि शिंकले. "अंगणात ते गालिचे पाहिले. म्हणून आमच्या कपाटामागे बॅटरी मारून बघितलं. तसंच काळं आहे." त्यांनी आमच्या सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. मान ताठ करून आम्ही कौतुकाच्या दोन शब्दांची वाट पाहत होतो. "ते कपाट भिंतीपासून सरकवायचंय. दोन माणसं मिळतील का? गाणारी नकोत, उचलणारी द्या."