उशीखालच्या दाताची वाट

मी उशीखालची उंदरीण बोलतेय. फ्रान्समधलं कुठलंही पोर मला ओळखतं; पाहिलेलं मात्र कुणीच नाही. दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवायचा. पोर झोपलं की मी दात न्यायचा आणि तिथे एक नाणं ठेवायचं. एवढंच माझं आयुष्य.

डोंगरातल्या या गावात पूर्वी मला उसंत नसे. मग चीजचा कारखाना बंद पडला, घरं रिकामी झाली, शाळेलाही कुलूप लागलं. मुलांविना गाव म्हणजे नुसतं बोळकं. अखेर उरली एकटी नोएमी, आणि तिच्या तोंडात दुधाचा एकच दात.

तो हलू लागला, तशी ती पाव दुधाच्या वाडग्यात भिजवून मऊ करून खाऊ लागली. मला तो दात हवाही होता आणि पडायला नकोही होता.

"अगं, चाव की!" तिचे आजोबा गास्तों ओरडले. "माझ्यासारखी काय चोखत बसलीस?"

"हा पडला की उंदरीण पुन्हा येणारच नाही. मी पण शहरातल्या शाळेत जाणार. ती एकटी काय करेल?"

"माझा एक आहे ना अजून! तो देईन तिला."

"तो काय दुधाचा आहे? पिवळाधमक झालाय!"

"मग लोण्याचा म्हण."

"शप्पथ?"

"शप्पथ."

दुसऱ्याच दिवशी अक्रोडाच्या केकमध्ये तिचा दात अडकून राहिला. मी तो नेला. ती बसमध्ये बसून गेली.

त्यानंतरही मी त्या घरी जात राहिले. तिची रिकामी उशी हुंगायची आणि परतायचं.

हिवाळ्यात एकदा पावाचा कडक तुकडा चावताना आजोबांचा तो दात हातात आला. दुपारी आडवं होताना, घरात कुणी नसूनही इकडेतिकडे पाहत, त्यांनी तो हळूच उशीखाली सरकवला.

नाणं ठेवायला माझं मन होईना. मी बिळात गेले आणि फार वर्षांपूर्वी याच घरातून, गास्तों नावाच्या पोराच्या उशीखालून आणलेला पहिला दात शोधून काढला. तोच ठेवला.

जाग आल्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तो दात आजोबांनी तळहातावर घेऊन उजेडात धरला. मग त्यांनी फोन उचलला.

"नोएमी, पोरी... ती आली होती गं."

आता या गावात पडायला एकही दात उरलेला नाही. तरी मी इथून हललेले नाही. शाळेचं ते कुलूप कुणीतरी काढा. एखादं बोबडं पोर इथे राहायला आणा. उशीपाशी मी आहेच.