म्हातारी घरात शिरेपर्यंत

धाकटीचा पाय मोडला तो दुसऱ्याच्या भिंतीवर तसबीर टांगताना. तसबिरींना चौकटी करून देणं हा तिचा धंदा. एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात भलीमोठी चौकट टांगून झाली, ती सरळ आहे का हे बघायला ती एक पाऊल मागे सरकली आणि आपण स्टुलावर उभ्या आहोत हे साफ विसरली. चौकट सरळच होती.

गुडघ्याखाली प्लास्टर चढलं. तिची स्वतःची खोली चौथ्या मजल्यावर, तिथे लिफ्टचा पत्ता नाही. दादा मालवाहू जहाजावर आचारी, तो कुठल्या तरी समुद्रात. तेव्हा वहिनीच गाडी घेऊन दवाखान्यात आली. "वन्सं, आमच्याकडे चला. तळमजला आहे," एवढंच बोलली आणि कुबड्या मागच्या सीटवर टाकून गाडीत बसलीसुद्धा.

या दोघींचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधायची, "मूठ आवळा", "झालं", "कापूस दाबून ठेवा" एवढंच बोलायची आणि घरी आल्यावर त्याहूनही कमी. उलट धाकटीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. एक विषय निघाला की ती सुटलीच. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेम.

तेही सगळे नाहीत. हजार माणसांनी मिळून केलेले, जाहिरातींचा धुरळा उडवत येणारे मोठे गेम तिला वर्ज्य. एकट्यादुकट्याने नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून केलेले छोटे गेम, त्यांच्यावर तिचा जीव. ते खेळायचे, मग आपलं मत रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा छंद. ऐकणारे मूठभर, पण पक्के. तिची मतंही तशीच, एक घाव दोन तुकडे. 'संगीत फार गोड आहे हो, पण ते कधी श्वास घेतं की नाही?' 'चित्रं बघून डोळे निवले, गोष्ट ऐकून झोप आली.' 'हा गेम दोन तासांचा आहे आणि त्यातला एक तास देवमाणसाने लिहिलाय. दुसरा कोणी लिहिला ते शोधतेय.'

पहिल्याच रविवारी तिने आपलं गेम खेळायचं यंत्र वहिनीच्या टीव्हीला जोडलं. वहिनी समोर इस्त्री करत होती. पडद्यावर एक झाड होतं आणि धाकटी त्याच्या फांद्या छाटत होती. बराच वेळ छाटत होती.

"हाच गेम?" वहिनीने विचारलं.

"हाच. एका बाईने एकटीने केलाय. फांदी चुकीची कापली तर ती परत येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं. कसली हिंमत आहे बघा, ना गुण, ना शत्रू, ना घड्याळ!"

"आमच्या मागच्या अंगणात पण आहे एक झाड. कोणी कापत नाही ते."

धाकटी हसली, पण मनातून खट्टू झाली. मग तिने हट्टाला पेटून एकेक ठेवणीतला गेम बाहेर काढला. उंच इमारतीत लिफ्ट चालवायची आणि आत येणाऱ्यांची अर्धवट बोलणी ऐकून कोणाचं कोणाशी काय चाललंय ते ओळखायचं, असा एक होता. वहिनी इस्त्री थांबवून म्हणाली, "त्या टोपीवाल्याला नोकरीवरून काढलंय. रोज डबा घेऊन येतो, पण वर जाऊन लगेच खाली येतो." धाकटी गर्रकन वळली. हे तिला स्वतःला शेवटच्या भागात कळलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवसभर माणसंच बघते मी," वहिनी म्हणाली आणि कॉलरवर इस्त्री फिरवली. "पण त्या गेममधलं दार फार कर्कश वाजतं. करणाऱ्याला सांगा, तेल घाल म्हणावं."

धाकटीला हसू आवरेना. हेच, अगदी हेच वाक्य तिने रेकॉर्ड करायला हवं होतं!

पुढच्या रविवारी तिने दोघांनी खेळायचा गेम लावला आणि दुसरा कंट्रोलर सरळ वहिनीच्या हातात कोंबला. खेळ असा की दोघांनी मिळून एक जडशीळ कपाट वळणावळणाच्या जिन्यावरून खाली न्यायचं. बस्स. पण कपाट अडकायचं, दारं उघडायची, आतल्या चिनीमातीच्या बश्या घरंगळायच्या. दोन मिनिटं वहिनी अदबीने खेळली. तिसऱ्या मिनिटाला ओरडली, "अगं, वळ ना! डावीकडे! माझी बोटं चिमटली!"

"तुझी बोटं नाहीत ती, वहिनी, गेममधली आहेत!"

"मग त्यांना दुखत नाही का? उचल!"

कपाट सुटलं, तीन मजले कोलांट्या खात गेलं आणि रस्त्यावर जाऊन सरळ उभं राहिलं. वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. 'वन्सं' आणि 'तुम्ही' त्या जिन्यावरच कुठेतरी पडले; पुन्हा कोणी उचलले नाहीत.

त्यानंतर मात्र घरात मतांना ऊत आला. धाकटी ज्याला 'धाडसी' म्हणेल त्याला वहिनी 'रडका' म्हणायची. मुंग्यांच्या टपालखात्याचा एक गेम धाकटीला डोक्यावर घेऊन नाचावासा वाटला. वहिनीने तो दहा मिनिटांत बंद केला. "एवढुशी अक्षरं. करणारा पोरगा वीस वर्षांचा असणार, त्याला चष्मा माहीत नाही." दोघी जेवताना भांडायच्या, भांडी घासताना भांडायच्या. दादाचा जहाजावरून फोन आला तेव्हा मागून आवाज ऐकून तो घाबरला. "काय झालं? कोणाशी भांडताय?"

"मुंग्यांवरून चाललंय," वहिनी म्हणाली. "तू जेवलास का?"

आणि मग आला नावेचा गेम.

हा धाकटीचा सगळ्यांत लाडका. नदीवर एक नाव, आपण नावाडी. माणसं, बकऱ्या, पोती, खुर्च्या पलीकडे पोचवायच्या. दिवसामागून दिवस जातात, नदीवर पूल बांधायला घेतात आणि शेवटी पूल झाल्यावर नावेला कोणी विचारत नाही. धाकटीने तो तीनदा पुरा केला होता. त्याच्यावर तासभर बोलली होती. त्याचा कानाकोपरा तिला तोंडपाठ होता, निदान तिला तसं वाटत होतं.

"तू खेळ," ती वहिनीला म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही."

ती एक शब्द बोलली नाही, चारशे बोलली. कारण वहिनी भलतीच सावकाश खेळत होती. दुपारचं ऊन सोफ्यावरून सरकून भिंतीवर गेलं तरी तिचा पुलाचा पहिला खांबही उभा राहिला नव्हता. त्यात एक म्हातारी नावेत बसली. रोज येणारी, न बोलणारी, हातात पिशवी. पलीकडे उतरून ती टेकाडावरच्या घराकडे चालू लागली.

"चल, वळव नाव," धाकटी म्हणाली. "इकडे तिघं खोळंबलेत."

"थांब जरा."

"अगं, तिचं काही नसतं पुढे. ती जाते आणि दिसेनाशी होते."

"म्हातारी घरात शिरेपर्यंत मी हलणार नाही," वहिनी म्हणाली. "एवढा चढ आहे. तोल गेला तर? लॅबमध्येसुद्धा मी कोणाला असं उठून जाऊ देत नाही. आधी उभं करते, दार ओलांडेपर्यंत बघते, मग पुढचा नंबर."

अलीकडच्या काठावरचे तिघं चुळबुळू लागले. एकाने तर हातवारे केले. धाकटीचा जीव वरखाली होत होता. म्हातारी चढत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती. ती दारापाशी पोचली. आणि मग, धाकटीने कधी पाहिलं नव्हतं असं, ती मागे वळली. तिने नावेकडे बघितलं. हात वर केला आणि ये म्हणून खूण केली.

"हे काय?" धाकटी किंचाळली. "वहिनी! हे काय आहे?"

"बोलावतेय. जायचं ना?"

"नावाडी नावेतून उतरतच नाही! या गेममध्ये उतरताच येत नाही!"

पण नावाडी उतरला. टेकाड चढला. आत एकच खोली होती. खिडकीत दिवा, भिंतींवर होड्यांची चित्रं, प्रत्येक चित्रात एक वेगळा नावाडी. म्हातारीने पिशवी उघडली, त्यातून रंग आणि कुंचले काढले, नावाड्याला खिडकीपाशी बसवलं आणि त्याचं चित्र काढायला घेतलं. संगीत थांबलं होतं. फक्त कुंचल्याचा आवाज.

धाकटी प्लास्टरचा पाय विसरून उभी राहिली आणि कळ येऊन खाली बसली. अंगावर काटा आला होता, दुखण्याने नव्हे. तिने फोनवर शोध शोध शोधलं. कुठेच नाही. ज्यांनी हा गेम दहा-दहा वेळा खेळलाय त्यांनीही या खोलीबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. तिने गेम करणाऱ्याला निरोप धाडला, सोबत पडद्याचा फोटो. 'ही खोली तुमचीच ना?'

उत्तर चहा उकळायच्या आत आलं. पाठोपाठ व्हिडिओ कॉलच आला. एक टक्कल पडत चाललेला माणूस, अंगात बेकरीचा ॲप्रन, कोपरापर्यंत पीठ. "कोण? कोणी उघडलं?" तो धापा टाकत विचारत होता. "गेम येऊन कितीतरी वर्षं झाली हो! मला वाटलं, आता काही ती कोणाला सापडत नाही. आईसाठी केली होती ती खोली. काढून टाकणार होतो मी!" मग मागे वळून त्याने कोणाला तरी हाक मारली, "अगं ए, इकडे ये! सापडली! आईची खोली सापडली!"

"मी फक्त थांबले," वहिनी ओशाळून म्हणाली. "त्यात काय मोठं?"

"तेच तर!" तो म्हणाला, आणि पिठाच्या हाताने डोळे पुसून अर्धा चेहरा पांढरा करून बसला.

फोन ठेवल्यावर धाकटीला आभाळ ठेंगणं झालं होतं. "आत्ताच्या आत्ता रेकॉर्ड करते. उद्यापर्यंत सगळं जग नाव थांबवून बसेल!"

"नको," वहिनी म्हणाली.

"नको म्हणजे?"

"मग सगळे खोलीसाठी थांबतील. म्हातारीसाठी कोण थांबेल?"

मग सुरू झालं ते आजवरचं सगळ्यांत मोठं भांडण. धाकटीचं म्हणणं, करणाऱ्याचं कष्टाचं काम लोकांपर्यंत पोचायला नको? वहिनीचं म्हणणं, पोचू दे की, पण पत्ता देऊन नको. धाकटी म्हणाली, माझे ऐकणारे माझ्यावर विश्वास टाकतात, त्यांच्यापासून मी लपवू? वहिनी म्हणाली, लपवू नकोस, मोजकं बोल. एकदा करून तर बघ, मरत नाही कोणी. चहा निवला, पुन्हा तापवला, पुन्हा निवला. शेवटी बेकरीवाल्यालाच विचारलं. तो बापडा म्हणाला, "ज्यांनी उघडली त्यांनीच ठरवा."

धाकटीने माईक काढला. आणि मग, काय सुचलं कोण जाणे, तो वहिनीसमोर धरला.

"मी काय बोलू?"

"तुझं मत. आवडला का, ते सांग."

वहिनीने घसा साफ केला. "नमस्कार. मी हिची वहिनी. नावेचा गेम खेळले. बकऱ्या फार ओरडतात. अक्षरं मोठी आहेत, त्या मुंग्यांच्या गेमसारखी एवढुशी नाहीत. पैलतीर बघायला छान आहे. घाईघाईने खेळू नका, माणसं उतरवून पळू नका." ती थांबली. "बाकी मला आवडला. फार आवडला."

एवढंच. धाकटीच्या तासभर चालणाऱ्या भाषणांना जेवढे ऐकणारे मिळाले नव्हते, तेवढे या अर्ध्या मिनिटाला आठवड्यात मिळाले. पुढच्या रविवारी सकाळी धाकटी उठते तो वहिनी आधीच सोफ्यावर, केस पुसायचा टॉवेल खांद्यावर, आणि फोनवरचे निरोप वाचता वाचता लाल झालेली.

"कोण हा! म्हणतो, मुंग्यांचा गेम मला कळलाच नाही. लाव गं तो पुन्हा. अक्षरं मोठी करता येतात म्हणे. आणि माईक आण, याला उत्तर देते!"