सुंभाची गाठ

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, यावर रोज सकाळी माझ्या फोनवर कुणीतरी उपदेश पाठवतं. उगवता सूर्य, आणि खाली 'आयुष्याची दुसरी इनिंग'. पाठवणारे बहुतेक चाळिशीतले, त्यांना काय कळतंय! आमच्या ह्यांनी, म्हणजे मनमोहनरावांनी, दुसऱ्या इनिंगमध्ये काय केलं ते मी सांगते. ते तिरड्या बांधायला लागले.

हसू नका. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हे नुसते टीव्हीसमोर बसून असायचे. आधी बातम्यांवर चिडायचे, बातम्या संपल्या की माझ्यावर. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत तळमजल्यावर शिवाभाऊ राहायचे, मालवणकडचे, जुने गिरणी कामगार. वाडीत कुणी गेलं की बांबू आणि सुंभ घेऊन अंगणात तेच बसायचे. त्यासाठी कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हा एका दुपारी हे हात लावायला म्हणून खाली गेले आणि काम शिकूनच वर आले.

"गाठ अशी व्हयी, मनमोहन, की वाटेत मेलल्याक धक्को लागता नये," असं शिवाभाऊ सांगायचे. मरणाच्या कामात सगळं उलटं असतं. सुंभाची ही गाठही डावीकडून घ्यायची आणि टोक आत खुपसून टाकायचं. ती सोडायची नसते, माणसाबरोबर जळायची असते. ह्यांनी एकट्याने बांधलेली पहिली तिरडी शिवाभाऊंचीच.

खरं सांगते, त्यानंतर माझा नवरा मला परत मिळाला. बोलावणं आलं की हे जुना शर्ट चढवून निघायचे. कधी आमच्या वाडीत, कधी गिरगावात, एकदा तर पार लालबागला. रडणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन समजवायचे, लाकडी जिना अरुंद असेल तर आधी माप घेऊन यायचे. घरी येऊन आंघोळ केली की शांत जेवायचे. आपलं कुणाला तरी काम पडतं, एवढं कळलं की म्हातारा माणूस सरळ बसतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पण लोक! परीक्षेला निघालेलं पोर जिन्यात ह्यांना बघून माघारी वळायचं आणि पाणी पिऊन मग निघायचं. गणपतीत आरतीचं ताट सगळ्या वाडीत फिरायचं, ह्यांच्यापाशी आलं की दुसरीकडे वळायचं. ज्येष्ठ नागरिक संघाने ह्यांना 'प्रेरणादायी ज्येष्ठ' म्हणून शाल दिली, पण मानपत्रात कामाचं नाव काही लिहिलं नाही. नुसतंच 'सामाजिक कार्य'. अडला हरी म्हणतात ना, तसले सगळे हरी. अडले की दारात, सुटले की तोंड फिरवून. मी जळफळायचे. हे म्हणायचे, "जाऊ दे गं. घाबरतात मरणाला, मला थोडेच घाबरतात?"

मग आमच्या गंधारकडे बातमी आली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, नवस झाले, आम्ही विचारायचंही सोडून दिलं होतं. गंधार आणि वल्लरी परळला टॉवरमध्ये राहतात. एका रविवारी दोघं पेढे घेऊन आली. हे इतके आनंदले की पेढा हातातच राहिला. जाताना वल्लरी दारात घुटमळली.

"बाबा, एक मागू? बारसं होईपर्यंत तुम्ही ते... ते काम नका ना करू. माझा विश्वास नाही तसा, पण आई म्हणते, मामी म्हणते. उगाच मनात राहतं."

"नाही करणार," हे लगेच म्हणाले. "एवढंच ना? बाळाला मांडीवर घ्यायला मिळणार असेल तर मी जिनासुद्धा उतरणार नाही."

आणि दिलेला शब्द ह्यांनी पाळला. त्या महिन्यांत आसपास चार-दोन माणसं गेलीच. बोलावणं आलं की मी दारातूनच सांगायचे, तब्येत बरी नाही. खाली अंगणात नवशिकी मुलं नायलॉनच्या दोरीने काहीबाही बांधायची. हे खिडकी लावून घ्यायचे आणि टीव्ही मोठा करायचे. मांडीवर बोटं मात्र आपोआप हलत राहायची.

मुलगी झाली. हॉस्पिटलमध्ये आम्हाला काचेतून दाखवली. घरी आल्यावर बघायला गेलो तर वल्लरीच्या आईने बाळ माझ्याकडे दिलं. हे हात पुढे करून उभे होते. "आता एकदम बारशालाच घ्या हं आजोबा," असं गोड हसून म्हणाल्या आणि बाळ आत नेलं. येताना हिंदमात्याच्या कापडबाजाराकडे टॅक्सी वळवून ह्यांनी बारशासाठी रेशमी झब्बा घेतला. एरवी मी शर्ट आणला तरी 'कशाला' म्हणणारा माणूस.

बारसं टॉवरच्या हॉलमध्ये होतं. भाड्याने आणलेला फुलांचा पाळणा, केळीचे खांब, कॅमेरावाला. हे पुढच्या खुर्चीत झब्ब्याच्या घड्या सांभाळत बसले होते. बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, तो ठेवला आणि पाळणा एका बाजूला कलला. वरची दोरी सैल पडली होती. सजावटवाले केव्हाच निघून गेले होते. बायका थबकल्या.

गंधार म्हणाला, "बाबा, तुम्ही बघता का जरा? तुमच्या हाताला जमेल."

मुलाने हाक मारली, तीही चारचौघांत. हे उठले ते विशीतल्यासारखे. दोरी ओढली, फिरवली, आवळली. पापणी लवायच्या आत झालं. पाळण्याला एक झोका देऊन म्हणाले, "घ्या. आता आत हत्ती बसवा."

सगळे हसले. वल्लरीची लक्ष्मीमामी बाळाला पाळण्याखालून द्यायला वाकली आणि तशीच राहिली. ही लक्ष्मीमामी आमच्याच गल्लीतली, पलीकडच्या वाडीतली. तिचे यजमान भर मे महिन्यात गेले तेव्हा तिचा मुलगा विमानाने पोचेपर्यंत हे उन्हात अंगणात बसून होते. सगळं ह्यांनीच बांधलं होतं.

"ही गाठ..." ती म्हणाली. "टोक आत खुपसलंय. ही गाठ मी पाहिलीय. आमच्या ह्यांना..."

ती खरंच रडत होती. तिला दोष देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते नाटक नव्हतं. वल्लरीने झेप घेऊन बाळ उचललं आणि छातीशी धरलं. हॉलमधल्या सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. तेवढं पुरलं.

ह्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "अरे... थांबा, थांबा. सोडतो," म्हणत पुढे झाले. पण ती गाठ सुटते कुठे? नखांनी उकलायला गेले, दातांनी ओढायला वाकले. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ऐकेनात. शेवटी गंधारने कात्री आणली आणि बापाचे हात बाजूला सारून दोरी कापली.

पाळणा हॉलबाहेर गेला. आतल्या खोलीत, वल्लरीच्या आईच्या मांडीवर, मोजक्या माणसांत नाव ठेवलं. ऋग्वेदा. आम्हाला ते बाहेर टाळ्या झाल्यावर कळलं. वाईट कुणीच वागलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. ताट वाढलं, आग्रह केला, आईस्क्रीम आणून दिलं. फक्त बाळ झोपलं होतं. आम्ही निघेपर्यंत ते झोपलेलंच होतं, आणि आतून त्याचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं.

लिफ्टमध्ये गंधार म्हणाला, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वल्लरी जरा घाबरलीय. थोडे दिवस जाऊ द्या."

मी म्हटलं, "थोडे म्हणजे किती रे? हे सत्तरीचे आहेत." तो मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिला. माझ्या पोटचा मुलगा, आणि त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही.

टॅक्सीत हे झब्ब्याच्या घड्या सपाट करत बसले. परळ मागे पडल्यावर म्हणाले, "मी मुद्दाम नाही गं केलं. मला दुसरी गाठ येतच नाही. शिवाभाऊंनी एकच शिकवली."

संध्याकाळी दिवेलागणीला दार वाजलं. समोरच्या चाळीतला हेरंब होता. डोळे सुजलेले. "काकू, बाबा गेले. हॉस्पिटलमधून आणतायत. काकांनी बंद केलंय, माहितीय मला. पण बाबांनी सांगून ठेवलेलं, मनमोहनच बांधणार म्हणून."

दिवसभर गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "नाही येणार ते!" मी म्हटलं. "आज तुला ते हवेत. उद्या तुझ्या घरात पाळणा हलेल तेव्हा त्यांची सावली चालणार नाही तुला. शववाहिनीवाल्याला सांग, तो बांधेल. नाहीतर स्ट्रेचरवरून न्या." ज्याचा बाप नुकताच गेलाय त्याला असं बोलू नये. मी बोलले.

हेरंब मान खाली घालून वळला, तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला. "हेरंब, तू बांबूचं बघ. मी आलोच."

झब्बा पलंगावर पडला होता आणि अंगात जुना शर्ट होता. मी दार अडवलं. "एवढं होऊनसुद्धा? काही वाटतं की नाही तुम्हाला? ह्याच हातांनी आज नातीला मुकलात."

हे चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "तिथे माझे हात चालतात गं, सुनंदा."

मी बाजूला झाले. ते जिना उतरून गेल्यावर आंघोळीचं पाणी तापत ठेवलं आणि गॅसपाशी उभी राहून रडले.