मामाकडून कपाट

सिरसाळ्याच्या बद्रीनाथला लोक कंजूष म्हणत, पण ते खरं नव्हतं. स्वतःवर खर्च करताना त्याचा हात कधी आखडला नाही. दुसऱ्याला काही द्यायची वेळ आली की मात्र त्याच्या पोटात कळ उठायची, आणि तो दुसरा म्हणजे सख्खी बहीण असली तर जरा जास्तच.

बहीण बायनाबाई, युसूफ वडगावला दिलेली. आई वारल्यावर तिनं सरळ सांगितलं होतं, "दादा, आईच्या नावावरचं वावर तूच ठेव. म्हणशील तिथं सही करते. मला तिचं कपाट तेवढं दे." कपाट सागवानी, दोन दारांचं, दोन्ही दारांवर कोरलेले मोर. हे बायनाचं, असं आई चारचौघांत दहा वेळा बोललेली. सात एकर बागायतीतला आपला अर्धा वाटा सोडून लाकडाचं कपाट मागणारी बहीण कुणाच्या नशिबी असते? पण बद्रीनाथला तेवढंही सोडवेना. "वाळवी लागली त्याला. फोडून चुलीत घातलं," असं त्यानं ठोकून दिलं. बायना दोन दिवस रडली. मग म्हणाली, जाऊ दे, सही कशाला अडवू.

सोमवारी परळीला जाऊन हक्कसोडपत्र करायचं ठरलं. ती सही झाली की सगळं वावर एकट्या बद्रीनाथचं. त्याच्या आदल्या शुक्रवारी बायनाच्या लेकीचं, शिवकन्याचं, लग्न होतं.

भाचीच्या लग्नात मामानं कपाट द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. बद्रीनाथ दुकानात जाऊन नवी कपाटं बघून आला आणि आल्या आल्या गोठ्यात शिरला. खताच्या रिकाम्या पोत्यांखाली आईचं कपाट धडधाकट उभं होतं. वाळवीनं त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

रंगाऱ्याला बोलावलं असतं तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. म्हणून हा बहाद्दर आतून कडी लावून स्वतःच बसला. पॉलिश पेपरनं घासघासून त्यानं जुनं पॉलिश उतरवलं. खालून लाकूड गुळासारखं लालसर निघालं. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. याला मात्र मोरांची अडचण होत होती, मोर दिसले की ओळख पटणार. त्यानं भेगा बुजवायची लांबी कालवली आणि पत्र्याच्या तुकड्यानं दाबून दाबून मोरांच्या पिसाऱ्यात भरली, चोचीत भरली, डोळ्यांत भरली. वाळल्यावर परत घासलं, तर दारं पाटासारखी सपाट. त्यावर प्रायमर, त्यावर आबोली ऑइल पेंटचे दोन हात. पितळी कड्या उपटून चकचकीत स्टीलच्या बसवल्या. आतून रंग दिला नाही. आत कोण बघतंय, आणि डबाही संपला होता.

त्याची बायको सत्यशीला चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"आवं, हे तर सासूबाईंचं कपाट. जाळलं म्हणलतात ना?"

"गप. लगीन हाय परवा."

"वन्संचीच चीज चोरून वन्संलाच देता?"

"चोरी कावून? तिच्याच घरी चाललंय ना?"

"मग तसं सांगून द्या की. घे बायना, तुझं कपाट."

"मग मामाचा आहेर कुठं ऱ्हायला?"

सत्यशीलेनं चहा तिथंच ठेवला आणि निघून गेली. असल्या डोक्याशी बोलून तोंड दुखण्यापलीकडे काही मिळत नाही, हे तिला वीस वर्षांत कळलं होतं.

शेवटी त्यानं बारीक ब्रश घेतला आणि डाव्या दारावर लाल रंगात लिहिलं, 'चि. सौ. कां. शिवकन्या हिस मामा बद्रीनाथ यांजकडून सप्रेम भेट'. 'बद्रीनाथ' ऐसपैस झालं, त्यामुळे 'सप्रेम'ला जागा उरली नाही. ते कसंबसं कोपऱ्यात बसवलं.

शुक्रवारी मांडवात रुखवताशेजारी कपाट उभं राहिलं. बद्रीनाथ फेटा बांधून त्याच्या बाजूलाच. त्यानं माइकवाल्याला आधीच गाठून ठेवलं होतं. "मामाकडून कपाट! मामाकडून कपाट!" असं दोनदा पुकारून झालं, तशी नवऱ्या मुलाची आई उठून आली आणि कपाट आतून बघू लागली. दार उघडेना. बद्रीनाथनं कडीला हिसका दिला, पाय लावून ओढलं, फेटा तिरपा झाला.

"नवं हाय ना, जरा जाम हाय," तो घाम पुसत म्हणाला.

बायना घाईत अक्षतांचं ताट घेऊन चालली होती. "सरक दादा," म्हणत तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं, डावं दार गुडघ्यानं किंचित वर उचललं आणि वरच्या कोपऱ्यावर थाप मारली. दार उघडलं. तिच्या हाताला जे ठाऊक होतं ते तिला स्वतःला कळायला एक क्षण लागला.

तिनं दार पुरतं उघडलं. आतून तेच जुनं लाकूड. दाराच्या पाठीवर टिकल्या चिकटलेल्या, ओळीनं, सगळ्या मरून. आई अंघोळीला जाताना कपाळावरची टिकली तिथं लावून ठेवायची. वडील गेले त्या दिवशी ओळ थांबली होती, ती तिथंच होती.

"आतून जुनं दिसतंय की," नवऱ्या मुलाची आई म्हणाली.

बायनानं भावाकडं पाहिलं. "चुलीत घातलं म्हणलतास ना, दादा?"

"आगं, शेवटी तुलाच दिलं न्हवं का?"

"मोर कुठं हायेत?"

बद्रीनाथ तिरपा फेटा सरळ करायला लागला. तिनं सपाट दारावरून नख ओढलं. रंग अजून ओला होता, नखात आबोली भरली.

"मोर कुठं हायेत, दादा?"

"खाली हायेत. लांबीखाली."

तिला ओरडावंसं वाटलं असेल, पण लेकीचा मांडव होता. ती विहिणीकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ईनबाई, हे कपाट माझ्या आईनं दिलंय. मामाचा आहेर अजून यायचाय."

बायका हसल्या. बद्रीनाथचं तोंड उतरलं, पण सोमवार त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. तो तिच्या मागं मागं मांडवाच्या कडेला गेला.

"रागात काही करू नको बायना. सोमवारी गाडी पाठवतो."

"पाठवू नको."

"एका कपाटापायी भावावर उठतीस?"

"जाळलं म्हणलास तवा बी सही देत होते मी. कपाटापायी न्हाई." तिनं कपाटाकडं बोट केलं. "आईच्या दारावर तू तुझं नाव लिवलंस."

"मग पुसतो की!"

"ऱ्हाऊ दे. सोमवारी मी तलाठ्याकडं येते, वारस म्हणून माझं नाव लावायला." तिनं नखातला रंग पदराला पुसला. "आता पंगत बसलीय. जेवून जा."