पट्टीवरची मोकळी जागा

मी एक जुनी बसकरपट्टी हाय, पोरांनो. तागाची, लांबलचक, कडंला उसवलेली. शेवगावाकडच्या एका झेडपीच्या शाळंत वीस वर्सं झाली, जमिनीवर पसरून हाय. मधी बाकं आली, तवा मला कोपऱ्यात फेकलं. पन आमच्या गावची पोरं मांडी घालून बसनारी. त्यांनीच मला परत ओढून आनलं. माझ्यावर शाई सांडली, एकानं तर पाढं म्हनता म्हनता झोप काढली. कोन कुठं बसतं, मला डोळं मिटून कळतं.

चौथीतली संस्कृती मधोमध बसायची. लई चुळबुळी! बोटानं माझं सूत उपसायची. मी लई करवादायची, पन पोरगी भागाकारात वाघीन हुती.

तिचं आईबाप दरसाली दिवाळी झाली की बेलापूरकडं ऊस तोडायला जात्यात. संस्कृती मागं आजीपाशी ऱ्हायची. आजी म्हंजी राहीबाई, शाळंत खिचडी शिजवनारी. औंदा गावाबाहेर जानाऱ्या पोरांसाठी ऑनलाइन वर्ग निघाले. तिची आई सविता म्हनली, "आता शाळा फोनात हाय की! पोरगी संगं नेते. धाकट्या भावालाबी सांभाळंल." चौथीच्या हनुमंत सरांनाबी ते पटलं.

रोज सकाळी बाहेरगावच्या पोरांनी ग्रुपवर आवाज पाठवून हजेरी द्यायची. सर ते आवाज वर्गात ऐकवायचे. "हजर, सर!" संस्कृती म्हनायची, अन् मागनं कोंबडा आरवायचा. पोरं खिदळायची. सर वहीत खूण करायचे.

पंधरा दिवस असंच चाललं. एक दिवस राहीबाई हातात खिचडीचा डाव घेऊनच दारात आली. "गुर्जी, त्यो कोंबडा रोज 'हजर' झाल्याबरुबरच कसा वो बोंबलतो?"

सरांनी संस्कृतीचे सगळे आवाज वळीनं लावले. येकच पोरगी, येकच कोंबडा!

सरांनी सविताला फोन लावला. ती म्हनली, "सर, रागावू नगा. आमी दिस उगवायच्या आत फडात असतो. पैल्या दिवशी तिचा आवाज भरला, रोज त्योच पुढं पाठवते. पोरीचं नाव कटाया नगं म्हनून."

"आन् संस्कृती कुठं हाय?"

"हितंच की, उसाच्या पाचटावर. धाकट्याला घेऊन बसलीया."

फोन ठेवून सर राहीबाईला म्हनले, "मावशी, मी फोनवर रोज धडं टाकतो हो."

राहीबाईनं माझ्याकडं डाव रोखला. "तुमचा फोन म्हनतो पोरगी हाय. ही पट्टी म्हनती न्हाई. कुनाचं खरं धरायचं?"

सरांनी मधली मोकळी जागा बघितली अन् मान खाली घातली. आवाजाची हजेरी त्याच दिवशी बंद.

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं बेलापूरची यष्टी धरली अन् नातीला घेऊन आली. धाकटंबी काखंत! "त्याला मी बघते," म्हनली, "हिनं फकस्त शिकायचं."

संस्कृती बसली. पंधरा दिसांत सवय मोडलेली, भागाकार अडला. डोळ्यात पानी आलं तिच्या. तवा सर खुर्ची सोडून माझ्यावर तिच्या शेजारी बसले. "कुठं अडलं गं?"

मित्रांनो, फोनाला मी नावं ठेवत न्हाई. धडा परत ऐकायला त्यो झ्याक हाय. पन डोळ्यातलं पानी त्याला दिसत न्हाई. म्हनून तुमच्या शेजारी जागा मोकळी दिसली, तर पसरून बसू नगा. सरांना इचारा, त्या पोराच्या घरी जा, हाताला धरून आना. मला उन्हात झटका, टाके घाला. मी काय हटत न्हाई. पन मला मधी भोक पडलेलं चालंल, पोर कमी पडलेलं चालायचं न्हाई.