चौथ्या चौकोनातली झुडपं

वहिनींना पहिला संशय आला तो भाऊजींच्या गुडघ्यांवरून. दोन्ही गुडघ्यांना ओला, काळा चिखल. रखवालदाराचं काम उभ्याने करायचं असतं; कुंपण बघायचं, पेट्या मांडायच्या, वाऱ्याने पडलेलं काही असेल तर उचलायचं. गुडघे टेकायचं काम त्या उतारावर एकाच माणसाचं होतं, आणि ते वहिनींचं.

आठ महिने बर्फाखाली असणारा तो उतार. तिथे झाडं नाहीत. शेवाळ, दगडफूल, आणि उशीसारखे गुबगुबीत, जमिनीला चिकटून राहणारे हिरवे गठ्ठे, मधूनच एखादं बुटकं झुडूप, एवढाच तिथला संसार. वीस वर्षांपूर्वी हवामानाच्या कचेरीने त्यात बारा चौकोन आखले, प्रत्येक एक मीटर लांब, एक मीटर रुंद. सहांवर पारदर्शक प्लास्टिकच्या तिरप्या भिंतींच्या पेट्या बसवल्या. वरून उघड्या. भिंतींमुळे आत ऊन साठतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दीड-दोन अंशांनी उबदार राहते. उरलेले सहा चौकोन तसेच उघडे. पुढे हवा तापली तर इथल्या झाडाझुडपांचं काय होईल, ते आधीच बघून ठेवायचं, एवढीच त्यामागची युक्ती.

बर्फाच्या वजनाने पेट्या फुटू नयेत म्हणून भाऊजी थंडीआधी त्या काढत आणि बर्फ वितळलं की परत मांडत. वहिनी उन्हाळ्यात वर चढत, चौकोनावर दोऱ्यांची जाळी ठेवत आणि दोऱ्यांच्या शंभर गाठींतून एकेक करून विणकामाची लांब सुई खाली सोडत. सुई ज्याला टेकेल त्याचं नाव वहीत. भाऊजी त्यांचे सख्खे धाकटे दीर. ते वहिनी म्हणत म्हणून सगळी कचेरी त्यांना वहिनी म्हणू लागली होती. निवृत्तीला आलेले मोठे साहेबसुद्धा.

या वर्षी चौथ्या चौकोनात, म्हणजे उघड्या चौकोनात, सुई सव्वीस वेळा झुडपाला टेकली. गेल्या वर्षी अकरा वेळा टेकली होती. पेटीतल्या उबेत घोट्याएवढी झुडपं माजतात आणि त्यांच्या सावलीत शेवाळ मरतं, हे वहिनींना पाठ होतं. पण हा चौकोन उघडा होता. शिवाय झुडपांच्या मधेमधे बोट जाईल एवढे खड्डे होते, ताज्या मातीचे.

कोणीतरी इथे हात घातला होता. आणि वर येणारी माणसं दोनच.

त्या खाली उतरल्या आणि रखवालदाराच्या खोलीत चहाला टेकल्या. बोलता बोलता नजर फिरवली, तर स्टोव्हमागे गोणपाट. त्यातून झुडपांच्या काड्या डोकावत होत्या, मुळांसकट.

"हे काय हो, भाऊजी?"

"सरपण," भाऊजी म्हणाले आणि पायाने गोणपाट मागे सरकवलं. "साखर टाकू का अजून?"

"साखर पुरे. बोटभर काड्यांचं सरपण?"

"माणूस एकटा. ऊबही तेवढीच लागते."

उत्तर तयार होतं. इतकं तयार, की वहिनींना चहा गोड लागेना.

घरी आल्यावर त्यांनी सगळा हिशोब नवऱ्यापुढे मांडला. गेल्या वर्षी कचेरीचं पत्र आलं होतं: उघड्या चौकोनांत काही नवं दिसत नसेल तर दोन वर्षांत हे ठाणं बंद करू. ठाणं बंद म्हणजे भाऊजींची नोकरी गेली, खोली गेली. मग काहीतरी नवं दिसायला नको का? म्हणून रोपं लावायची.

"माझा भाऊ आळशी आहे, लबाड नाही," नवरा म्हणाला.

"लबाडीला फार कष्ट लागत नाहीत."

"रोपं लावायला लागतात. त्याला मी ओळखतो, तो टोपीसुद्धा खुंटीला लावत नाही."

वहिनींना हसू आलं नाही. साहेबांचा नंबर काढून त्यांनी फोन हातात धरला आणि पुन्हा ठेवला. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता. फोनवर तरी का बोलावं?

दुसऱ्या दिवशी त्या ठरल्या वेळेपेक्षा तीन तास आधी निघाल्या आणि कोणाला न सांगता मागच्या बाजूने चढल्या. उतारावर एक मोठा खडक होता; त्याच्या आडोशाला बसल्या. वारा कानाला झोंबत होता. तासाभराने भाऊजी आले. इकडेतिकडे पाहिलं, चौथ्या चौकोनाशी गुडघे टेकले आणि मातीत हात घातला.

"काय लावताय, भाऊजी?"

भाऊजी असे दचकले की मागेच बसले. हातात झुडूप होतं. मुळाला माती लोंबत होती.

"लावतोय कुठला? उपटतोय!"

"उपटताय?"

"चार वर्षं झाली." त्यांनी मान खाली घातली. "आधी दोन-तीन यायची, बाजूची. आता हाताबाहेर गेलीत. सकाळी चार काढावीत तर पलीकडे सहा दिसतात."

"पण का? उघड्या चौकोनाला बोटसुद्धा लावायचं नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण तुम्हीच आठवा. चार वर्षांपूर्वी मी एक पेटी चुकून भलत्याच चौकोनावर मांडली. तीन दिवसच होती. तुम्ही काय बोललात मला! दादासमोर. 'डोळे आहेत की बटणं?' आणि वर साहेबांना कळवलंत." भाऊजींचा आवाज बारीक झाला. "त्याच उन्हाळ्यात हे पहिलं झुडूप उगवलं. म्हटलं, हे वहिनींनी पाहिलं की म्हणणार, यानेच परत पेटी ठेवली असणार. काढून टाकलं. मग काढतच राहिलो."

वहिनींचा चटकन विश्वास बसला नाही. उपटणारा आणि लावणारा माणूस लांबून सारखाच दिसतो. त्यांनी खड्ड्यात बोट घातलं, आणखी एका खड्ड्यात घातलं. तळाशी तुटलेल्या मुळांचे जुने, चिवट धागे हाताला लागले. कालपरवा खोचलेल्या रोपाचं मूळ इतकं खोल जात नाही. मग त्या उभ्या राहिल्या आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी चौकोनाच्या बाहेर पाहिलं. जाळीतल्या शंभर गाठींपलीकडे बघायचं कधी कामच पडलं नव्हतं. खालच्या ओहोळापासून वरपर्यंत सगळा उतार त्याच बुटक्या झुडपांनी भरत आला होता. ती कोणी लावली नव्हती. पेट्यांमधली ऊब आता सगळीकडेच होती.

"म्हणजे सव्वीस हा आकडा खोटा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "खरा याहून मोठा."

"मी काढली ती धरली तर दुप्पट म्हणा."

"म्हणा कसं? बसा इथे. एकेक दाखवा."

वहिनींनी चौकोनावर जाळी ठेवली आणि दोघं समोरासमोर बसले. भाऊजी म्हणत, "इथे होतं," आणि वहिनी बोट घालून मूळ चाचपत. गाठीखाली मूळ लागलं तरच खूण करत. दोन ठिकाणी काहीच लागलं नाही. ती त्यांनी सोडली. भाऊजी पुटपुटले, "होतं हो." वहिनींनी मान हलवली नाही. आधीची सव्वीस धरून शेवटी पंचेचाळीस झाली. शेजारच्या पेटीत या वर्षी पन्नास होती. पेटी असो की नसो, फरक पाचाचा उरला होता.

वहिनींनी वहीचं नवं पान काढलं. हे लिहिलं की मागची चार वर्षं बाद होणार होती. त्यांच्याच हातची चार वर्षं, गुडघे सुजेपर्यंत मोजलेली. आणि भाऊजींची चावी बहुतेक परत घेतली जाणार होती.

"लिहिणार का?" भाऊजींनी विचारलं.

"लिहिणार."

"माझी खोली जाईल, वहिनी."

"जाईल कदाचित. मी साहेबांशी भांडेन, पण वचन काही देत नाही. लिहिलं नाही तर कचेरी हेच धरून चालेल, की सगळं सावकाश चाललंय."

भाऊजींनी हातातल्या झुडपाची माती झाडली. मग म्हणाले, "मग अक्षर तरी नीट काढा."

वहिनींनी पहिली ओळ लिहिली: चार वर्षांपूर्वी पेटी चुकल्याबद्दल मी रखवालदाराला त्याच्या भावासमोर नको तितकं बोलले, त्या धाकाने त्याने झुडपं उपटली.

भाऊजींनी वाकून वाचलं. "हे कशाला लिहिता? ते कुठे मोजणीत येतं?"

"सुरुवात तिथून झाली ना? मग तिथूनच लिहायचं." त्यांनी सही केली आणि पेन भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनीही केली, वाकडीतिकडी.

वहिनी जाळी उचलून पुढच्या उघड्या चौकोनाकडे निघाल्या. "आणि इथे? इथे किती काढलीत?"

भाऊजी ओहोळाकडे बघू लागले.

"भाऊजी."

"इथे," ते म्हणाले, "जरा जास्तच."